नमुन्यात माणूस नाही

— नाही हो, मशीन बिघडलेलं नाही. बसा. बसा ना, खुर्ची चावत नाही. "मशीनचं काहीतरी चुकलं असेल" असं सगळेच म्हणतात, आणि मशीन बिचारं आत एसीत बसलेलं असतं, तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत. काय झालं ते सांगते, आणि हळू सांगते, कारण दाराबाहेर बाकावर तुमची बायको बसलीय. परवा तुम्ही त्या पडद्यामागे गेलात. मी काडी दिली, कापूस लावलेली — सांगितलं, खालच्या त्या जखमेवर घासा, नीट घासा, थोडं झोंबेल, मग नळीत टाका. तुम्ही गेलात आणि आलात. शिंक यायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो! मी मनात म्हटलं, हा गडी एकतर फार शूर आहे, नाहीतर फार हुशार. आता त्या नळीत मशीन काय शोधतं? जंतू. जखम करणारे तीन-चारच मुख्य — एक हर्पिस, एक ज्याला जुनी माणसं गरमी म्हणायची तो, आणि एक, ज्याचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही. अख्खा जंतू नको त्याला, जंतूच्या अंगातला एक धागा सापडला तरी पुरे, त्या एकाचे लाख करून दाखवतं. आमच्या शेजारणीसारखंच — एवढंसं काही कळलं की संध्याकाळपर्यंत गल्लीभर. पण जंतूंबरोबर ते आणखी एक गोष्ट बघतं. नळीत माणसाचं काही आहे का? कातडीचा एखादा कण, काहीही — म्हणजे काडी कुणाला खरोखर लागली का. तर मशीन चालवणारी मुलगी बाहेर येऊन मला म्हणते, "मावशी, या नमुन्यात माणूसच नाही." मी म्हटलं, अगं होता की, चांगला मिशीवाला होता, जाताना मला नमस्कारही करून गेला!

हसा, हसा. हसलात ते बरं झालं, मघापासून चेहरा असा केला होतात, जणू मीच तुमच्या घरी छापा घातलाय. अहो, मला काय नवल आहे? या पडद्यामागे काय काय झालंय म्हणून सांगू. एकाने जखमेवर टूथपेस्ट लावली होती — पुदिन्याची. का? तर म्हणे गार वाटतं. एकाने तोंडात काडी फिरवून दिली, म्हणाला, मावशी, शरीर एकच ना, कुठूनही घेतलं तरी काय फरक पडतो! आणि कुठून आलं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एक — संडासाची सीट. जगातली सगळी पापं त्या बिचाऱ्या सीटने केलेली. बाहेरगावी कामाला जाऊन आलेले सगळे सीटवरच बसून आलेले. तुम्हीही — नाही, मी नाही विचारत. मला ते विचारायचं नसतंच. डॉक्टर विचारतील, तेही उपचारासाठी. मला फक्त काडी हवी.

पण कोरी काडी देण्यामागचा हिशेब मला कळतो हो. कोऱ्या काडीत जंतू नाही, म्हणजे निकाल स्वच्छ, म्हणजे घरी जाऊन बायकोसमोर छाती काढून — "बघ, मला काही नाही." हो ना? आणि मग उद्या तिला जखम झाली तर? तेव्हा संशय कुणावर? बोला ना. — नका बोलू, भिंतीकडे बघा, भिंत चांगली आहे, परवाच रंग दिलाय.

ती बाहेर बसलीय ना, तिने मघाशी मला काय विचारलं माहितीये? "मावशी, यांना मुतखडा आहे, तर यांना पाणी किती पाजू?" मुतखडा! तुमच्या डोक्याला मानलं मी. तो तांब्याएवढा थर्मास मांडीवर धरून बसलीय ती, वर सातवा महिना. तुम्हाला पाणी पाजायला आलीय. मी म्हटलं, पाज बाई, पाणी केव्हाही चांगलंच. दुसरं काय सांगणार? मला सांगता येत नाही, आमचा नियमच आहे, आणि नियम नसता तरी ते माझं सांगणं नव्हे. पण तुम्ही ऐका. गरमी असली ना, तर इंजेक्शन आहे. कमरेत देतात, दोन दिवस बसताना आईची आठवण येते, पण बरं होतं. तिची तपासणी करून तिलाही वेळेत दिलं तर पोटातल्यालाही त्याचा फायदा. वेळेत, बरं का. आणि हर्पिस असला तर तो मुक्काम सोडत नाही, पण गोळ्यांनी गप्प बसतो, आणि बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरीणबाईंना आधी माहीत असलं की त्या बाळाला त्यातून सांभाळून आणतात. माहीत असलं तर. कोऱ्या काडीवरून त्यांना काय माहीत होणार?

आमच्या वेळी ही मशिनं कुठे होती. आमच्या ह्यांनी तर काडीचीही तसदी घेतली नाही — तपासणीसाठी रक्त द्यायला सांगितलं होतं, तर धाकट्या भावाला पाठवलं. त्याला बाहेर थंडगार सरबत पाजलं आणि आपलं नाव सांगायला लावलं! दीर माझा भोळा, पुढे किती वर्षांनी हसत हसत सांगून मोकळा झाला, "वहिनी, दादाला सुईची भीती, म्हणून मी गेलो होतो." मी पोळी लाटत होते. लाटतच राहिले. कारण तोवर सगळं होऊन गेलं होतं ना — ह्यांचं रक्त स्वच्छ, माझं नाही. सासूबाईंनी माझा पेला वेगळा केला. माझी आई, माझी सख्खी आई, दाराशी येऊन मला म्हणाली, "खरं सांग." काय खरं सांगू? मीच रात्र रात्र आठवत बसायचे की मी कुठे काय — म्हणजे काही केलं नव्हतं, तरी आठवायचे. आणि मलाही तेव्हा दिवस —

असो. पंखा वाढवू का? गरम होतंय इथे.

राहते की, त्यांच्याबरोबरच राहते. टोमणे मारायला माणूस कुठून आणू दुसरा? भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी म्हणते, भावाला पाठवा, तो खाईल. खातात निमूट. तुम्ही माझ्याकडे असं बघू नका हो, तुम्हाला रडवायला नाही सांगितलं, मला उगाच बोलायची सवय आहे, दिवसभर पडद्याशी बोलते मी. ही घ्या काडी. नवी आहे. कापसाला हात लावू नका. खपली धरली असेल तर ओल्या जागेवर घासा —

अहो, तिकडे कुठे? पडदा इकडे आहे. पळताय की काय? एवढं सगळं मी काय भिंतीला — थांबा, दार कशाला उघडताय —

अच्छा. तिला बोलावताय होय.

ये गं, ये. हळू, उंबरा आहे. थर्मास दे इकडे, या खुर्चीवर बस, ती दुसरी हलते. — नाही, मी कशाला थांबू? तुमचं तुम्ही सांगा. मी बाहेर आहे, कुणाला आत सोडत नाही. माझ्याकडे काय बघताय आता? तिच्याकडे बघा. — दार ओढून घेते.