ओढ्यावरचा गारठा

पुसाचा महिना होता. हिंगोलीहून वाशीमला निघालेल्या एस्टीत कौशल्याबाई कानाला पदर गुंडाळून बसल्या होत्या. पुढच्या सीटवर म्हातारा-म्हातारी बोलून राहिले होते, अन् दुसऱ्याचं ऐकू नये असा नेम कौशल्याबाईंनी कधी धरला नव्हता.

"प्रभूची माय, ओढा आला का?"

"मला काय ठाव? काचंवर वाफ धरली."

"मोटरसायकलवर कुणाला इचारावं लागत नव्हतं. उतार लागला की गारठा चावायचा, चढ चढला की ऊब."

"ऊब तुमाला. सदऱ्यात पेपर खोसून बसायचे तुमी."

"तू बी मजेत गाणं म्हणायचीस की मागं."

"गाणं कशाचं! दात वाजायचे माझे."

"मग गाडी जावयाला द्यायची काय घाई व्हती?"

"तुमाला डोळ्यानं दिसंना म्हून."

"दिसंना म्हून तर म्हणतो. या बंद डब्यात कुठवर आलो, काहीच उमजंना."

म्हातारीनं दोन्ही हातांनी जोर लावून खिडकीची काच सरकवली. वारा सुसाट आत घुसला.

"ओ मावशी, खिडकी लावा! मारता काय गारठून?" मागून एकजण ओरडला.

कौशल्याबाईंनी मान वळवली. "लोण्याचा हाईस का रे? लोणी बी थंडीत वितळत न्हाई. कान बांध अन् गप बस."

एस्टी उताराला लागली. म्हाताऱ्यानं तोंड वाऱ्यात धरलं.

"आला, आला ओढा! नीट धरून बस मला."

म्हातारीनं भर एस्टीत त्याच्या खांद्याला धरलं.