नानांनी भाजलेली वांगी

भरिताचा विषय निघाला म्हणून सांगते. आमच्या असोद्यात वांगी भाजणं हे पुरुषांचं काम, आणि आमचे वडील, नाना, त्यात स्वतःला उस्ताद समजायचे. आई गेल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी आम्हा भावंडांना भरीत खायला बोलावलं. अंगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ केला, पाच किलो वांगी त्यात टाकली आणि खुर्ची ओढून बसले.

पहिलं वांगं फुटलं तेव्हा कुत्रं पळालं. मग एकामागून एक फुटतच गेली. नानांच्या सदऱ्यावर, भिंतीवर, वाळत घातलेल्या चादरींवर, सगळीकडे गर.

"यंदाचं बियाणंच खराब आहे," नाना म्हणाले. "चाळीस वर्षं भाजतोय, एक फुटलं नाही कधी."

शेजारच्या अक्का आमच्या चादरी गोळा करत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "नाना, टोपली तुमच्या हातात देण्याआधी वहिनी एकेक वांगं सुईने टोचून ठेवायच्या. वाफ निघून जावी म्हणून."

नाना खुर्चीवरून उठले. हात धुवून घरात गेले. बराच वेळ आतून डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. मग दारात येऊन त्यांनी विचारलं, "ती सुई कुठे ठेवायची रे तुमची आई?"

आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.