यमुताईच्या विहिरीतलं पेट्रोल

...अन् वरून ती पाणी तपासणारी पोरगी म्हणते कशी, "तीन महिन्यानं पुन्हा येते, काका!" आता सांगा! डाक्टरही आठ दिवसानं बोलावते. इथं तीन महिने आमच्या गोपाळरावांनी जीव मुठीत धरून बसाव? नंदनवन वस्तीतले गोपाळराव हो, पेट्रोल पंपवाले. पस्तीस वर्षं दुनियेच्या टाक्या भरल्या, अन् पंपाखालची स्वतःची टाकी गपचूप गळून राहिली, त्याचा पत्ता नाही!

पत्ता लागला कसा, तुम्हाले सांगतो. मागच्या गल्लीतल्या यमुताई आपल्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन पंपावर हजर. "भाऊजी, हुंगा!" आता पस्तीस वर्षं त्याच वासात जगलेला माणूस, त्याच्या नाकाले काय कळन? पण कळलं! मुलगा पियूष कानाशी लागला, "बाबा, बोलू नका काही! कोपऱ्यावरच्या गॅरेजचं असन म्हणा!" गोपाळरावांनी तांब्या बाजूले ठेवला. ती विहीर अर्ध्या गल्लीची. मंग म्हणाले, "यमुताई, हे माह्यं हाय. हे पाणी कोणी पिऊ नका." झालं! पियूषनं कपाळावर हात मारला.

टाकी उकरली, नासलेली माती उचलली. मंग आली नूपुर, जमिनीतलं पाणी तपासणारी. एवढीशी पोरगी, अन् पंपाच्या अंगणात सहा बोअर पाडले! गोपाळराव म्हणे, "एवढ्यात तं अख्ख्या नंदनवनाले पाणी पाजलं असतं!" "काका, हे पाणी काढाले नाहीत, पाणी पाहाले आहेत." पाहाले! दोरीनं नळी सोडते, पाणी वर काढते, बाटलीत भरते, बाटली बर्फात ठेवते, जशी कुल्फीच... अन् चालली! "तीन महिन्यानं पुन्हा येते, काका!"

एक मशीनही बसवलं. दिवसभर घर्रर्र... जमिनीतलं पाणी अन् पेट्रोलची वाफ ओढते, कोळशातून गाळते. पाण्यातल्या पेट्रोलचा आकडा उतरला, अजून उतरला, गोपाळरावांनी पेढे आणले, अन् पावसाळ्यात आकडा पुन्हा वर! "काहून वं नूपुर?" "पाणी वर चढलं, काका. मातीत चिकटलेलं पेट्रोल सुटलं त्यात." गोपाळराव त्या दिवशी जेवले नाहीत, बाप्पा! पेढे पियूषनं खाल्ले. नूपुर? "तीन महिन्यानं..." हो हो, ये माय, ये!

पण गडी हटला नाही! गल्लीत तं पहिल्याच दिवशी पाण्याचा टँकर लावून देला, अन् यमुताईकडं रोज सकाळी वीस लिटरचा कॅन स्वतःच्या स्कूटरवर. माणूस नाही पाठवला. कॅन ठेवला का चहा, चहा झाला का यमुताईचे मालक नत्थूजी अन् गोपाळराव दोघं ओसरीवर निवांत. पहिले महिनाभर यमुताई तोंड वाकडं करून कप आदळे. मंग कपासोबत चिवडा येऊ लागला! अन् गोपाळरावांना तर नादच लागला पाण्याचा. लग्नाच्या पंगतीत बाजूच्याले विचारत, "तुमच्या विहिरीची पातळी किती गा?" तो बिचारा मठ्ठा प्यायचं सोडून पाहूनच राहे.

तीन वर्षं! मंग ओळीनं चार तपासण्या साफ. विहिरीचा रिपोर्टही साफ. नूपुरनं कागद हातात देला. गोपाळराव सवयीनं म्हणाले, "तीन महिन्यानं ये मंग." तर ती हसली. "आता काय कामाले येऊ, काका?" अन् तुम्हाले सांगतो, त्यायचा चेहरा पोरगी सासरी पाठवल्यासारखा झाला!

संध्याकाळी यमुताईनं विहिरीच्या पाण्याचा चहा ठेवला. पहिला घोट गोपाळरावांनी घेतला. वास नाही! डोळे मिटून अख्खा कप पेले. अशी झोप लागली त्या दिवशी!

दुसऱ्या दिवशी यमुताईचा फोन. "भाऊजी, कॅन काहून नाही आणला?"

"अहो, विहीर साफ झाली नं!"

"साफ झाली हो! पण तिचं पाणी जन्माचं जड. तीन वर्षं कॅनच्या पाण्यात तुरीची डाळ कशी लोण्यासारखी शिजली! आज आठ शिट्ट्या देल्या, तरी दाणा टणक. हे ताट सोडून उठले!"

गोपाळरावांनी कॅन भरला. काढली स्कूटर. जमिनीत मुरलेलं पेट्रोल निघते हो तीन वर्षांत... नत्थूजीच्या जिभेले लागलेली चटक काढाले कुठं बोअर पाडाव?