पाठ टेकली का रं?

पडू नका म्हणं! आता पावणं, तुमीच सांगा, माणूस काय कुणाला इचारून पडतोय व्हय? पण आमच्या गल्लीतली शहाणी माणसं... दादाच्या बाराव्याचं जेवण पुढ्यात, आन् तोंडानं, "झालं की आता! कुलूप घाला त्या क्लासला. म्हाताऱ्यांना पाडायचं, ही काय विद्या हाय?" मी ताट सारलं. म्हटलं, घालत न्हाय कुलूप! आमी पडणार म्हंजे पडणार!

तुमाला सांगतो, माझा दादा, राजवीर, ज्युडोचा मास्तर. तालमीच्या मागल्या खोलीत म्हाताऱ्यांना पडायला शिकवायचा. हनुवटी छातीला, अंग गोल, पाठीवर जायचं आन् हात मॅटवर फाडकन आपटायचा, म्हंजे मार हात खातोय, हाड वाचतंय. पाडून दाखवायला त्याला एक माणूस लागायचा. तो मी! शाळेत टिकलो न्हाय, पण पडण्यात माझा हात कोण धरंल? ...तर दादा तापानं गेला. सगळ्यांना पडून उठायला शिकवलं, आन् सोता खाटंवरनं उठलाच न्हाय... जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी दादाच्या क्लासातली धोंडुमावशी दारात. "क्लास कवा रं?" म्हटलं, "उद्या!" गेलं की तोंडातनं!

पण घरात आमचं वडील, आबा हाईत न्हवं, आकाराम पैलवान! उभ्या जन्मात पाठ टेकू दिली न्हाय. टेकली की कुस्ती संपली. बरं, कुस्ती सुटून जमाना झाला! तरी गोठ्यात शेणावरनं घसरलं, तर पडता पडता वळलं आन् पालथं पडलं. पाठ वाचली, मनगाट मोडलं! जोतिबाच्या पायरीवर घसरलं. पाठ वाचली, म्होरचं दात गेलं! डॉक्टर म्हणाला, "आता पडलासा तर खुबा जाईल, मग खाटच." खाट? आमच्या घरातली खाट आत्ता कुठं रिकामी झालीया, पावणं. तिच्यावर दुसऱ्या कुणाला निजू देत न्हाय मी!

आबांना क्लासला नेलं. कोपऱ्यात बसून बडबड चालू, "पैलवानाचं पोरगं, आन् पाठ टेकायला शिकवतंय, लाज न्हाय!" तेवढ्यात धोंडुमावशी काष्टा खोचून फाडकन पडली, उठली, "या की पैलवान! भ्यालासा व्हय?"

आबा ताडकन मॅटवर. मी हलकंच ढकललं... वळलं, पालथं! परत ढकललं... पालथं! मी वराडलो, "आबा, ही काय कुस्ती हाय? समोर हाय तरी कोण?"

"हाय की," आबा म्हणालं. "ज्यानं माझा राजवीर नेला, त्यो. त्याच्याम्होरं पाठ टेकू व्हय रं?"

मी आबांना हात देऊन उठवलं.

मग म्हटलं, "आबा, पंच मी हाय न्हवं? मी 'टेकली' म्हणल्याबिगर कुस्ती संपत न्हाय."

"म्हणशील?"

"मेलो तरी म्हणत न्हाय!"

गेलं की आबा मागं! हात असा आपटला, पत्र्यावरची कबुतरं उडाली. धोंडुमावशी वराडली, "टेकली! म्या बघितली!" म्हटलं, "मावशी, पंच तुमी न्हाय! गप पडा!" तवापासनं आबा घरात, अंगणात, गादीवर... पडणार म्हंजे पडणार!

आन् काल न्हाणीत खराच आवाज झाला. धप्प! मी पळालो. दार लोटून बघतोय तर आबा पाठीवर, हनुवटी छातीला, हात आपटल्याला, मिशीला साबणाचा फेस. "आबा, मोडलं का कुठं?"

"ते ऱ्हाऊ दे. पाठ टेकली का रं?"

काय सांगू? अख्खी फरशी पाठीखाली! म्हटलं, "न्हाय आबा. बोटभर ऱ्हायली."

आबा खूश! "नीट बघितलास का पर? थांब, परत पडून दावतो."

बसलो मग ओल्या फरशीवर गुडघं टेकून... पंचानं दुसरं करायचं काय?