हरेशची स्वस्त रॅम

चहा येईपर्यंत आमच्या वेसाव्याच्या हरेशचं ऐका. त्याच्याएवढा कॉम्प्युटरतज्ज्ञ अख्ख्या अंधेरीत नाही, असं तोच सांगतो. त्याला आपला दहा वर्षांचा कॉम्प्युटरचा डबा ओव्हरक्लॉक करायचा होता, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा होता. त्यासाठी स्वस्तातली रॅम हवी होती. त्याची बायको सुनंदा मासळी विकते. तिने बजावलं होतं, "हा शेवटचा खर्च. आता बंद पडला तर डबा थेट भंगारात."

आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने एक चकचकीत रॅम पुढे केली. हरेश ती उजेडात धरून म्हणाला, "झकास! स्पीड बत्तीसशे. स्टिकरवरच लिहिलंय ना!"

सुनंदाने ती हातात घेतली आणि स्टिकरच्या कडेला नख घातलं.

दुकानदार ओरडला, "ताई, वॉरंटी जाईल!"

"कल्ले न बघता मी धक्क्यावरनं पापलेट उचलत नाही रे."

स्टिकर निघाला. खाली दुसरा स्टिकर होता. त्यावर स्पीड चोवीसशे.

दुकानदाराने गुपचूप काउंटरखालून वेगळी रॅम काढली. हरेश मला म्हणाला, "मला आधीच संशय होता यार."

"मग बोलला का नाहीस?" सुनंदाने विचारलं.

"तुझी परीक्षा घेत होतो."

ती रॅम मस्त चालली आणि डबा वाचला. आता हरेशने स्वस्त रॅम कशी पारखावी यावर व्हिडिओ टाकलाय. म्हणतो, हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलंय. आवाज त्याचाच आहे. स्टिकर उचलणाऱ्या हातात तेवढ्या हिरव्या बांगड्या आहेत.