नागूबाई खाली उतरली

आता तुम्हीच सांगा, कोंडीरामनानांचं काय चुकलं? एसटीचं स्टेअरिंग सोडून घरी बसलेला माणूस, गुमान शेंगा फोडत बसला असता, पण न्हाय... नागूबाईला लोहाऱ्यात डाळमिलचं काम लागलं, ते सकाळी नऊला, अन् वाडीला पहिली एसटी येते दहाला, ती बी आली तर. नवरा वारलेला, पदरात लेकरं, रानात खुरपायला जावं तर गुडघे वाकंनात. बसून डाळ निवडायचं काम मिळालं, ते काय एसटीपायी घालवायचं? नाना हातातल्या शेंगा टाकून उठले. म्हणाले, "नागूबाई, बचत गटाची स्कूटी धूळ खात पडलीय. म्या शिकवतो."

शिकवलं की हो. नाना वरडायचे, "पदर सोड, ब्रेक धर," अन् ती म्हणायची, "पदर कसा सोडू, तुमी समोर हायसा की." तरी तुम्हाला सांगतो, महिन्याभरात बाई पक्की तयार झाली.

कामाचा पहिला दिवस. सगळी वाडी बघायला जमलेली, नाना मागं मिशीला पीळ देत उभे, स्कूटी झोकात निघाली, पारापाशी आली... अन् नागूबाई खाली उतरली.

का? तर पारावर तिचे सासरे माणिकप्पा बसलेले. सासऱ्यासमोरनं सून गाडीवर बसून कशी जाईल? डोईवर पदर घेतला, चपला काढून स्कूटीवर ठेवल्या, अन् अनवाणी गाडी ढकलत निघाली. मारुतीपाशी चुलत सासरे, तिथंवर बसायचं कशाला म्हणून ढकलतच राहिली. पुढं जरा बसली तर वेशीत थोरले दीर दाढी करून घेत होते. पुन्हा खाली उतरली. नाना मागनं पळत पळत म्हणाले, "अगं, त्यांच्या तोंडाला फेस हाय, वळखू बी येईनात." तर म्हणाली, "फेसाखाली दीरच हायत की, नाना."

मग पोचणार कधी? मिलमधला सुपरवायझर घड्याळ दाखवत म्हणाला, "बाई, उद्या उशीर झाला तर परवा येऊ नका."

नाना तडक पारावर. "माणिकप्पा, सकाळी जरा तोंड तिकडं करून बसा."

"आमी का म्हणून? आमी कवा म्हणलं उतर? तीच उतरती."

"मग तसं सांगा की तिला."

"सुनंला? आजवर तिच्याशी एक शब्द बोललो न्हाय, अन् आता स्कूटीवरनं सुरुवात करू व्हय?"

नाना कपाळ धरून बसले, अन् बसल्या बसल्या त्यांना सुचलं. भावकीत सगळ्यात थोरला कोण? माणिकप्पा. तेच सुनंच्या मागं गाडीवर बसले तर ती धाकट्यांसाठी उतरंल कशी? मग तो माणिकप्पांचाच अपमान की.

तर दुसऱ्या दिवशी... काय सांगू तुम्हाला, धोतराचा सोगा आवळून माणिकप्पा मागं बसलेले, डोळे गच्च मिटलेले. पार गेला, मारुती गेला, अन् वेशीत तर थोरले दीरच फेसासकट उठून उभे राहिले. बाई काही उतरली न्हाय. नानांचा ऊर भरून आला. वेशीबाहेर रस्त्याकडंला उभं राहून त्यांनी कौतुकानं हात वर केला... अन् करकचून ब्रेक. माणिकप्पा पडता पडता राहिले. नागूबाई खाली उतरली.

नाना किंचाळले, "आता कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. शिकवलं कुणी? तुमच्याम्होरनं बसून जाऊ व्हय?" म्हणाली अन् वाकून पाया पडली.

त्या दिवशी मिलचं गेट लावता लावता पोचली, नशीब. काम टिकलं. माणिकप्पा आता रोज लोहाऱ्यात चहा पितात अन् एसटीनं परत येतात, आली तर. पण नाना? आयुष्यभर ज्याला पॅसेंजरनी शिव्याच दिल्या, त्याला पाया पडणारं कुणीतरी मिळालं, अन् तो माणूस रोज सकाळी कडब्याच्या गंजीमागं दडून बसतो, स्कूटीचा आवाज लांब जाईस्तोवर. परवा बायकोनं बघितलं. म्हणाली, "अवं, या वयात कुणाला भिऊन लपताय?"

नाना डोक्यातला कडबा काढत म्हणाले, "गप बस. बाईला कामावर पोचवतोय."