पेन्सिलीतल्या नोंदी

मास्तर: सहावं झालं. सातवं वाचा. छापखानेवाला पाच वाजता रविवारच्या कार्यक्रमासाठी आपल्या वृंदाच्या गाण्यांची यादी मागणार आहे, पण म्हणून घाई करू नका.

केमिस्टबाई: सातवं, ‘नावाडी’. आजवरचे प्रयोग अकरा. पहिला, वाचनालयाच्या सभागृहात. गायक बावीस, श्रोते चाळीस. शेरा: दुसऱ्या ओळीला दिवे गेले, गाणं थांबलं नाही.

मास्तर: कसं थांबेल? तेव्हा वृंदात कुणाला कागद बघून गायची सवय नव्हती. पुढे.

केमिस्टबाई: चौथा, स्टेशनच्या प्रतीक्षालयात. गाडी दोन तास लेट. श्रोते: ‘मोजता आले नाहीत, सारखे उठून घड्याळ बघत होते.’ सातवा, वृद्धाश्रमात. शेरा: पहिल्या रांगेतल्या आजोबांनी ‘जरा मोठ्यानं’ असं तीनदा बजावलं.

मास्तर: चौथ्यांदा बजावलं तेव्हा कुणीतरी त्यांच्या कानातलं यंत्र चालू करून दिलं. मग म्हणाले, ‘जरा हळू.’ ते लिहिलं नाहीत तुम्ही.

केमिस्टबाई: शेऱ्याला दोनच ओळींची जागा असते. अकरावा, नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला. श्रोते साठ. सुरुवातीची एकटीची ओळ: वहिनी.

मास्तर: तारीख?

केमिस्टबाई: तारखा कुठे छापतो आपण?

मास्तर: तारीख, बाई.

केमिस्टबाई: येत्या रविवारी दोन वर्षं आणि चार दिवस होतील.

मास्तर: मग खोडा. दोन वर्षांत प्रयोग नाही, तर गाणं चालू यादीतून कपाटात जातं.

केमिस्टबाई: मुदत संपलेली औषधं मीही कंपनीला परत पाठवते. पण गाण्याला मुदत असते हे फक्त तुमच्याकडे ऐकलं.

मास्तर: गात नाही ती गाणी यादीत मिरवायची, म्हणजे लोकांच्या तोंडाला पानं पुसायची. खोडा.

केमिस्टबाई: रविवारी गाऊ की मग. शिंपीदादांची मुलगी म्हणेल ती ओळ. गळा चांगला आहे तिचा.

मास्तर: ती ओळ दुसरं कुणी म्हणणार नाही.

केमिस्टबाई: तुम्हाला ऐकवणार नाही, असं म्हणा.

मास्तर: असं म्हणतो. झालं समाधान? बाई, दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून बायकोच्या तोंडी दोनच शब्द आहेत. ‘नाही’ आणि ‘चमचा’. चहा हवा, चमचा. खिडकी लावा, चमचा. परवा माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं, तर त्याच्याकडे बोट दाखवून चमचा. अशा बाईसमोर गाणं काढायचं म्हणजे जखमेवर मीठ. रेडिओ माळ्यावर टाकलाय मी. घरात साधी शीळ घालत नाही.

केमिस्टबाई: तीच तर चूक झाली.

मास्तर: काय म्हणालात?

केमिस्टबाई: पान उलटा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय.

मास्तर: चष्मा... हं. ‘मंगळवार, दुपारी अडीच. स्थळ: मास्तरांचं स्वयंपाकघर. गायक: दोन. श्रोते: शून्य. शेरा: पहिली ओळ पूर्ण.’ हे काय आहे? खाली आणखी एक मंगळवार. आणखी एक. नऊ मंगळवार आहेत हे!

केमिस्टबाई: एक ते चार माझं दुकान बंद असतं आणि तुम्ही शाळेत. वहिनींच्या आठवड्याच्या गोळ्या मी डबीत भरून देते, तुम्हाला ठाऊक आहे. तर एकदा भरता भरता मी आपली गुणगुणत होते. भानच नव्हतं. आणि मागून वहिनींनी ओळ धरली.

मास्तर: सूर धरला असेल.

केमिस्टबाई: ओळ. शब्दांसकट. वल्हं वल्ह्याच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी. माझ्या हातातल्या गोळ्या ओट्याखाली गेल्या. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, होतं असं काही जणांचं. बोलताना अडतात, गाताना शब्द येतात.

मास्तर: आणि नऊ आठवडे तुम्ही मला सांगितलं नाहीत. रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून प्रयोग मोजता, आणि हे नाही सांगितलंत.

केमिस्टबाई: वहिनींनी तोंडावर बोट ठेवलं होतं. दुसऱ्या ओळीत अडतात अजून. पुरतं बसल्याशिवाय गाणं मास्तरांसमोर म्हणायचं नाही, हे वृंदाला कुणी शिकवलं?

मास्तर: मी.

केमिस्टबाई: आज तुम्ही गाणंच खोडायला निघालात, म्हणून शब्द मोडला. मला काय बोल लावायचा तो त्या लावतील.

मास्तर: बाई, या नोंदी धरता यायच्या नाहीत. किमान एक श्रोता हवा.

केमिस्टबाई: माहीत आहे. म्हणून तर पेन्सिल.

मास्तर: आज मंगळवार ना?

केमिस्टबाई: आणि सव्वादोन झालेत. तुम्ही रजा घेतलीय हे त्यांना माहीत नाही.

मास्तर: सातव्यापुढे जागा सोडा. वही घ्या. आणि पेन घ्या, पेन्सिल नको.

(मास्तरांच्या घराचं स्वयंपाकघर. वहिनी टेबलापाशी बसलेल्या, केमिस्टबाई आत, मास्तर दारात.)

वहिनी: चमचा!

केमिस्टबाई: रागावू नका वहिनी. मी फितूर झाले, कबूल. पण गाणं कपाटात चाललं होतं हो.

वहिनी: नाही. नाही, नाही. चमचा!

मास्तर: त्यांना बोलू नकोस. मला बोल. दीड वर्ष मी घरात गाणं येऊ दिलं नाही. तुला त्रास होईल म्हणून. तुला विचारायचं मात्र राहून गेलं.

वहिनी: नाही.

मास्तर: हो, राहून गेलं. मी आज मास्तर म्हणून आलो नाही. अडलीस तर अडलीस, मी काही म्हणणार नाही. नको असेन तर बाहेरच्या खोलीत जाऊन बसतो. तिथूनही ऐकू येतं.

वहिनी: ...चमचा.

केमिस्टबाई: स्टूल घ्या म्हणतायत.

मास्तर: कळलं मला. संसार मी केलाय.

केमिस्टबाई: चला मग. सूर देते, वहिनी. हं.

वहिनी: हळू हळू टाक वल्हं, पाणी आत्ता निजलं...

मास्तर: अरे देवा.

केमिस्टबाई: शूऽऽ.

वहिनी: पल्याडच्या... पल्याडच्या...

केमिस्टबाई: असू द्या. घाई नाही.

वहिनी: पल्याडच्या... नाही.

मास्तर: पल्याडच्या दिव्यापाशी...

वहिनी: ...दिव्यापाशी कुणी जागं राहिलं.

मास्तर: कुणी जागं राहिलं.

वहिनी: कुणी जागं राहिलं...

मास्तर: झाली. बाई, दुसरी ओळ झाली! लिहा. प्रयोग बारावा.

केमिस्टबाई: नोंद बाद.

मास्तर: बाद? शब्दन् शब्द आला! मी या कानांनी ऐकला.

केमिस्टबाई: ऐकलात कुठे? गायलात. सूर देणारी मी धरून गायक तीन, श्रोते शून्य. नियम तुमचा.

वहिनी: चमचा! चमचा!

मास्तर: हसून घे, हसून घे. बरोबर आहे त्यांचं. आता पाणी पी दोन घोट आणि पुन्हा पहिल्यापासून घे. या खेपेला मी नुसता ऐकतो.